कपाटाची किल्ली कुणाकडे?

शनिवारी पहाटे भाईंदरहून सुटणारी लोकल पकडून आम्ही चर्नी रोडला निघालो. सोबत वस्तीतली चार मुलं होती. एक बारावीत शिकणारी मुलगी, एक भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करणारा, एक एमपीएससीची तयारी करणारा आणि एक बी.कॉम. होऊन कुरिअर वाटणारा. गाळ्यातल्या मुलाने दोन दिवसांचा खाडा केला होता, म्हणजे दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडलं होतं. कशासाठी? तर दक्षिण मुंबईतल्या एका महाविद्यालयात ग्रंथपालांची दोन दिवसांची परिषद होती आणि तिथे स्वयंसेवक हवे होते.

वस्तीतल्या विहारात आम्ही संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. तिथे एक ग्रंथपाल सर अधूनमधून येतात. त्यांनीच विचारलं होतं. "मानधन नाही. चहा, जेवण आणि प्रमाणपत्र मिळेल. पण पोरांना घेऊन या. बघू द्या त्यांना." चळवळीतल्या मित्रांना सांगितलं तर ते हसले. "ग्रंथपालांच्या परिषदेत काय ठेवलंय? तिथे जाऊन बॅगा वाटणार का?"

हो, बॅगाच वाटल्या. पण बॅगा वाटता वाटता आपल्या चळवळीतली एक मोठी उणीव दिसली. ती आपलीच आहे, म्हणून आपल्याच लोकांसमोर मांडतो आहोत.

चर्नी रोडला उतरल्यावर मुलांना आधी बाग दाखवली. परळच्या चाळीतल्या अपुऱ्या जागेत वाढणारा भीमराव नावाचा शाळकरी मुलगा या चर्नी रोडच्या बागेत येऊन वाचत बसायचा. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्याला पाहिलं, चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला, त्याचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणात शंभरदा ऐकलेला असतो. पण त्या दिवशी बागेच्या कठड्याशी उभं राहून बारावीतली मुलगी म्हणाली, "म्हणजे बाबासाहेबांनाही बसायला जागा नव्हती." तिच्या घरात पाच माणसं आहेत आणि एकच खोली. ती रात्री विहारात अभ्यास करते, आणि विहार नऊला बंद होतं.

आपण या प्रसंगातून केळुसकर गुरुजींचा मोठेपणा घेतो, भीमरावाची जिद्द घेतो. तिसरी गोष्ट सोडून देतो. एका हुशार मुलाचं नशीब एका भल्या माणसाच्या नजरेवर अवलंबून होतं. त्या दिवशी केळुसकर बागेत आले नसते तर? ग्रंथालय म्हणजे या 'तर'वर शोधलेला उपाय. भला माणूस भेटो वा न भेटो, पुस्तक, खुर्ची आणि दिवा मिळालाच पाहिजे, अशी केलेली कायमची व्यवस्था.

परिषदेत आम्हाला नोंदणीच्या टेबलावर बसवलं. यादीत नाव शोधायचं, सही घ्यायची, बॅग आणि बिल्ला द्यायचा, सभागृहाचा रस्ता दाखवायचा. प्रश्नोत्तरांच्या वेळी माइक फिरवायचा. आमच्याही गळ्यात बिल्ले होते, पूर्ण नावासह. एका गृहस्थांनी आमचा बिल्ला वाचला आणि विचारलं, "कुठले तुम्ही?" म्हटलं, भाईंदर. "नाही, मूळचे?" हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. गाव सांगितलं की तालुका, तालुका सांगितला की आडनावाचा उच्चार पुन्हा एकदा. समाधान झाल्यावर ते बॅग घेऊन आत गेले.

चहाच्या सुट्टीत दुसरी गोष्ट घडली. एका प्रतिनिधीने बोलता बोलता रिकामा कप आमच्या पॉलिशवाल्या मुलाच्या हातात दिला. मग दुसऱ्याने दिला. तो बिचारा घेत गेला. सहा कप जमले. त्याच्या गळ्यातही आमच्यासारखाच 'स्वयंसेवक' लिहिलेला बिल्ला होता. एमपीएससीवाला मुलगा शेजारीच उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला कुणी कप दिला नाही. जात विचारून कप दिला असा आरोप आम्ही करणार नाही. त्यांनी बिल्ला पाहिला नाही, पॉलिशने काळे पडलेले हात पाहिले. समाजशास्त्राच्या एम.ए.ला पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. शर्टाच्या घडीत, उभं राहण्यात, बोलण्याच्या ढंगात हे भांडवल साठलेलं असतं आणि समोरचा माणूस एका नजरेत ते मोजतो. त्या सहा कपांनी ते पुन्हा शिकवलं. मुलगा फक्त एवढंच म्हणाला, "दादा, गाळ्यात निदान पगार तरी मिळतो."

आम्ही ही गोष्ट आयोजकांपैकी एका मॅडमच्या कानावर घातली. त्यांनी टाळाटाळ केली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या स्वयंसेवकांची पानं प्रतिनिधींसोबतच मांडली गेली आणि कप ठेवायला वेगळं टेबल आलं. न बोलता सहन केलं असतं तर टेबल आलं नसतं, हेही नोंदवून ठेवतो.

आता परिषदेत चर्चा कशाची होती ते सांगतो. मोठ्या महाविद्यालयांचे ग्रंथपाल ई-जर्नलच्या वर्गणीबद्दल, वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, नॅकच्या गुणांबद्दल बोलत होते. 'कोहा' नावाच्या संगणक प्रणालीवर एक संपूर्ण सत्र झालं. ही प्रणाली न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० सालापासून जगभर कुणालाही फुकट वापरता येते. 'कोहा' हा तिथल्या माओरी आदिवासींच्या भाषेतला शब्द, अर्थ भेट किंवा दान. धम्मदानाची परंपरा सांगणाऱ्या आम्हाला हे ऐकून बरं वाटलं. आणि प्रश्न पडला की हे ज्ञान आपल्या वस्तीपर्यंत आजवर कुणी का आणलं नाही? लगेच दुसरा प्रश्न. आपण तरी कुठे मागायला गेलो होतो?

जेवणाच्या सुट्टीत एक ताई भेटल्या. विदर्भातल्या एका गावच्या 'ड' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात काम करतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्या कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे वर्षाचं अनुदान. 'ड' हा सगळ्यात खालचा. राज्यात अशी मान्यताप्राप्त ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत आणि त्यातली बरीचशी खालच्याच वर्गांत. तिथे काम करणाऱ्यांच्या वेतनश्रेणीची मागणी ग्रंथालय चळवळीच्या अधिवेशनांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. ताई म्हणाल्या की त्यांना महिन्याला जे मिळतं त्यात मुंबईत खोलीचं वीजबिलही भागणार नाही. तरी त्या स्वतःच्या खर्चाने, जनरलच्या डब्यातून आल्या होत्या.

त्यांनी आमच्या बारावीतल्या मुलीला विचारलं, "तुमच्याकडे ग्रंथालय आहे का?"

"आहे ना ताई. विहारात कपाट आहे. काचेचं."

"उघडं असतं का?"

"जयंतीला उघडतात. आणि सहा डिसेंबरला."

"मग ते कपाट आहे, बाळा. ग्रंथालय नाही."

मुलगी गप्प झाली, आम्हीही. ताईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या आपलं काम सांगू लागल्या. रोज झाडतात, वर्तमानपत्रं लावतात, देवघेवीची नोंद ठेवतात. गावातल्या बाया ग्रंथालयाची पायरी चढत नाहीत, म्हणून दुपारी पिशवीत आठ-दहा पुस्तकं घालून त्यांच्या दारात जातात. कुणाला काय आवडलं ते वहीत लिहून ठेवतात. पुस्तक हरवलं तर? "हरवतं कधीकधी. पण कुणाच्या तरी घरातच असतं ना."

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वाढत जाणारी गोष्ट आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, देशात ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. परिषदेच्या मंचावर ही सूत्रं मोठ्या फलकावर छापलेली होती. ती जगताना आम्हाला दिसल्या त्या मात्र जनरलच्या डब्यातून आलेल्या ताई.

दुपारी वर्गीकरणावर सत्र होतं. मेल्व्हिल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली दशांश वर्गीकरण पद्धत काढली. सगळं ज्ञान ० ते ९९९ या अंकांत बसवायचं. आजही आपल्या बहुतेक महाविद्यालयांत पुस्तकाच्या पाठीवर दिसणारा अंक तोच. धर्माला २०० चा वर्ग दिला. त्यातले २२० ते २८० पर्यंतचे अंक ख्रिस्ती धर्माला दिले आणि उरलेल्या सगळ्या जगाचे धर्म २९० मध्ये कोंबले. बौद्ध धम्माचा अंक २९४.३. हा ड्युई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा ग्रंथपाल होता आणि ग्रंथपाल घडवणारी पहिली शाळा त्याने तिथेच १८८७ मध्ये काढली. त्याच विद्यापीठात १९१३ साली बाबासाहेब शिकायला गेले. पण या ड्युईच्या खाजगी क्लबात ज्यू आणि काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ मध्ये आपल्या सर्वोच्च पदकावरून त्याचं नाव काढून टाकण्याचा ठराव केला. वर्णद्वेष, ज्यूद्वेष आणि स्त्रियांशी गैरवर्तन ही कारणं. म्हणजे कपाटातली जागा ठरवणारा माणूस तटस्थ असतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ज्ञानाची उतरंड कुणीतरी माणूसच रचत असतो. ती बदलण्याचं कामही माणसांनीच करायचं असतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. माइक फिरवायचं काम आमच्या बी.कॉम. झालेल्या मुलाकडे होतं. त्याने तो दोघा-तिघांना दिला आणि मग स्वतःच्याच तोंडाजवळ धरला. "सर, मी तीन वर्षं कॉमर्स शिकलो. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलंय हे मला जयंतीच्या बॅनरवरून कळलं. आमच्या कॉलेजात बाबासाहेबांची सगळी पुस्तकं एका वेगळ्या कपाटात आहेत. पैशाच्या विषयात एकही नाही. असं का?"

सभागृहात थोडी चुळबुळ झाली. स्वयंसेवकाने प्रश्न विचारायचा असतो का, असा भाव काही चेहऱ्यांवर होता. पण व्याख्याते सर वयस्क आणि सरळ होते. ते म्हणाले, "वर्गांक देताना पुस्तकाचा विषय बघायचा असतो. लेखक कोण, हे नंतर. तुमच्या पुस्तकाची जागा ३३२.४ ला, पैसा या विषयात. जिथे लेखकाचं नाव बघून बाजूला ठेवलं, तिथे ग्रंथपालाने आपलं काम टाळलंय."

मित्रांनो, यावर थांबून विचार करा. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झालं. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' १९३६ चं, ते समाजशास्त्रात हवं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' १९५७ चं, ते २९४.३ ला हवं. आम्ही पाहिलेल्या एका ग्रंथालयात ही तिन्ही पुस्तकं 'दलित साहित्य' या पाटीखाली एकमेकांना टेकून उभी होती. गावकुसाबाहेरची वस्ती पुस्तकांच्या कपाटातही वसवली जाते ती अशी. आणि त्याला सन्मान म्हणतात. वेगळं कपाट, वर तसबीर, वर हार. कॉमर्सचा विद्यार्थी त्या कपाटाकडे जाणार नाही, कारण त्याला वाटतं ते 'त्यांचं' आहे. आपला विद्यार्थी जाईल, पण बाबासाहेब अर्थतज्ज्ञ म्हणून त्याला भेटणार नाहीत. वेगळं कपाट मागणं ही एका काळची गरज होती, कारण पुस्तकं ठेवायलाच कुणी तयार नव्हतं. आज मागणी पुढची असली पाहिजे. एक प्रत आंबेडकर विभागात आणि एक प्रत तिच्या विषयात.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, समारोपाच्या भाषणात एका वक्त्याने 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कारा'चा उल्लेख केला. महाराष्ट्र शासन उत्तम सार्वजनिक ग्रंथालयांना बाबासाहेबांच्या नावाने हा पुरस्कार देतं. टाळ्या पडल्या, आम्हीही वाजवल्या. पण दोन दिवसांत वस्तीतल्या वाचकावर एकही निबंध वाचला गेला नव्हता. मीरा-भाईंदरसारख्या, २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेलेल्या शहरात, मिठागरं आणि खाडीच्या कडेला राहणाऱ्या मुलीला पुस्तकापर्यंत जायला किती पावलं लागतात, हा प्रश्न कुणाच्या विषयपत्रिकेत नव्हता. नाव बाबासाहेबांचं आणि वस्ती विषयाबाहेर. याला आम्ही कट म्हणणार नाही, सवय म्हणू. पण सवयीनेच तर जात टिकते.

परिषद संपल्यावर आम्ही दादाभाई नौरोजी रोडवर सिद्धार्थ महाविद्यालयाच्या इमारतीपाशी गेलो. रविवार असल्याने बंद होतं. बाहेर उभं राहून मुलांना सांगितलं. १९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांनी वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तकं ते जहाज पाणतीराने बुडाल्यामुळे समुद्रात गेली. त्याच वर्षी ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. हे तेच बडोदं, जिथे सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं होतं आणि पेट्यांमधून गावोगावी पुस्तकं फिरवली जात होती. देशात दुसरीकडे असं काही नव्हतं. आणि त्याच शहरात कोलंबियाचा एम.ए. झालेल्या अस्पृश्य अधिकाऱ्याला पारशी सराईतून हाकललं गेलं आणि कामाठी बागेत बसून रडावं लागलं. चर्नी रोडच्या बागेत वाचणारा मुलगा दहा वर्षांनी पुन्हा एका बागेतच बसला होता. ग्रंथालय उघडलं म्हणजे दारं उघडतातच असं नाही, हे बडोद्याने शिकवलं. म्हणून ग्रंथालय कुणाच्या हातात आहे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा.

बाबासाहेबांनी तो प्रश्न सोडवला. दादरला 'राजगृह' बांधलं ते पुस्तकांसाठी. पण ते घरातल्या पुस्तकांवर थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय, आणि आपल्या संग्रहातली पुस्तकं त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला. तिथे शां. शं. रेगे यांच्यासारखा ग्रंथपाल नेमला. खाजगी ठेवा सार्वजनिक करायचा आणि तो सांभाळायला प्रशिक्षित माणूस ठेवायचा, ही दोन्ही कामं त्यांनी केली. आपण पहिलं अर्धवट उचललं आणि दुसरं विसरलो.

खरं सांगायचं तर महाराष्ट्रात आपल्या समाजाइतकी पुस्तकं विकत घेणारा दुसरा समाज शोधावा लागेल. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर लाखो लोक येतात आणि परतताना पिशवीत पुस्तक असतं. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराची बंदी होती त्यांनी हे करावं, याचा अभिमानच आहे. पण स्टॉलवर पुस्तक त्यालाच मिळतं ज्याच्या खिशात पैसे असतात, आणि घरी गेल्यावर ते एकाच घराचं होतं. वापरात राहिलं तर ठीक, नाहीतर तसबिरीशेजारी जातं. ग्रंथालयातलं पुस्तक एका वर्षात वीस घरं फिरतं. आपण हजारो विहारं बांधली, प्रत्येकात एक कपाट ठेवलं, आणि त्या कपाटाला कुलूप लावलं.

सोमवारी संध्याकाळी आम्ही विहाराच्या समितीसमोर बसलो. किल्ली ज्या काकांकडे असते ते सफाई खात्यातून निवृत्त झालेले. त्या कपाटातली निम्मी पुस्तकं त्यांनी स्वतःच्या पगारातून, दर सहा डिसेंबरला एक-दोन करून घेतलेली. म्हणून त्यांच्याशी भांडण नव्हतं. ते म्हणाले, "बाबासाहेबांचे ग्रंथ हरवले तर कोण भरून देणार?"

बारावीतल्या मुलीने विचारलं, "काका, आधी उघडून तर बघू या का?"

उघडलं. तीनशेच्या वर पुस्तकं निघाली. खालच्या फळीला वाळवी लागली होती. शासनाने १९७९ पासून काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांपैकी एकाच खंडाच्या चार प्रती, आणि दुसरे कित्येक खंड नाहीतच. बाहेर हेच खंड मिळत नाहीत म्हणून आपण ओरडतो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या छपाईच्या दिरंगाईची स्वतःहून दखल घेतली. आणि आपल्याच कपाटात चार प्रती न उघडता पिवळ्या पडल्या होत्या. वाळवीने खाल्लेला एक ग्रंथ हातात घेऊन काका बराच वेळ बसले. मग म्हणाले, "तीन महिने चालवून बघा. नोंद ठेवा."

ग्रंथपाल सरांनी दोन रविवार येऊन शिकवलं. दाखल नोंदवही कशी करायची, पुस्तकाला क्रमांक कुठे टाकायचा, विषय कसे लावायचे. रुपयाचं पुस्तक अर्थशास्त्रात गेलं. देवघेवीची वही पॉलिशवाल्या मुलाने आखली. त्याचं अक्षर आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, संध्याकाळी सात ते साडेदहा. विहाराची वेळ दीड तासाने वाढली. किल्ली बारावीतल्या मुलीकडे. दुसरी किल्ली काकांकडे आहे आणि ते रात्री येऊन वही तपासतात. तपासू देत. पहिल्या महिन्यात दोन पुस्तकं परत आली नाहीत. कुणाकडे आहेत ते वहीत आहे. तिसरा महिना चालू आहे. वाढलेलं वीजबिल कोण भरणार यावर समितीत मतभेद आहेत आणि महिनाअखेर निर्णय होईल. तो आमच्या बाजूने लागेलच याची खात्री नाही.

म्हणून हे लिहितो आहोत. प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी आपल्या विहारातल्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे आणि ते शेवटचं कधी उघडलं, हे विचारावं. ज्यांना शक्य आहे त्यांनी ग्रंथालयशास्त्र शिकावं. आपल्याकडे वकील होत आहेत, प्राध्यापक होत आहेत, अधिकारी होण्यासाठी तर हजारो मुलं झिजत आहेत. आपण ग्रंथपाल व्हावं, असं मात्र कुणी सांगत नाही. आणि महापालिकेकडे आपण कमानी, पुतळे, भवनं मागतो तेवढ्याच जोराने वॉर्डावॉर्डांत ग्रंथालय मागावं, पगारी ग्रंथपालासह. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून मद्रास प्रांतात १९४८ साली ग्रंथालय कायदा झाला, त्यात घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर वसूल करण्याची सोय होती. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही. त्यातच २०१२ पासून कित्येक वर्षं नवीन ग्रंथालयांना मान्यता देणंच थांबलेलं होतं. टॉवरवर टॉवर उभे राहणाऱ्या आमच्या शहरात घरपट्टीच्या रुपयातला एक पैसा पुस्तकासाठी राखून ठेवा, ही मागणी कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात आम्ही वाचलेली नाही. आपण ती लिहायला लावू शकतो.

आमच्या पाच जणांना परिषदेची प्रमाणपत्रं मिळाली. पॉलिशवाल्या मुलाने त्याचं प्रमाणपत्र विहारातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. दार उघडल्याशिवाय ते दिसत नाही.

जय भीम!